मीठ खाणारी टाकी

त्या दोघी सख्ख्या जावा. वरच्या मजल्यावर शेजारीशेजारी दोन बिऱ्हाडं, चूल वेगळी पण जिना एक, आणि खाली लाँड्री. गल्लीत त्यांना कुणी नावानं ओळखत नसे. थोरली आणि धाकटी, बस्स.

लाँड्री कागदोपत्री दोन्ही भावांची होती, पण ती वाढवली थोरल्यानं आणि थोरलीनं. थोरला गेला तेव्हा लोकांना वाटलं की आता हिला झेपणार नाही. थोरलीनं तेराव्या दिवशी पदर खोचला आणि यंत्रं सुरू केली. धाकटा, म्हणजे तिचा दीर, गाडी चालवायचा. गाठोडी आणायची, घड्या पोचवायच्या आणि वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारायच्या, हे त्याचं काम. तिसरं काम तो सगळ्यात मनापासून करायचा.

थोरलीला पांढऱ्या रंगाचं वेड होतं. चारचौघांना पांढरा म्हणजे पांढरा. तिला त्यातही दुधी दिसे, शंखासारखा दिसे, कागदी दिसे, आणि ज्या पांढऱ्यात किंचित निळी झाक असते तो तिचा लाडका. रोलरच्या इस्त्रीतून चादर बाहेर आली की ती दोन्ही हातांनी खिडकीकडे धरायची, डोळे बारीक करायची आणि मनाला पटलं तरच घडी घालू द्यायची. नाही पटलं तर चादर पुन्हा धुवायला. दीर म्हणायचा, "वहिनींच्या हाती ढग लागला तर तोसुद्धा दोनदा धुऊन निघेल."

धाकटी या धंद्यात नवखी. तिची उमेदीची सगळी वर्षं रंगांच्या एका कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत गेली होती. कारखाना बंद पडला आणि ती घरी बसली. घरी बसलेलं माणूस डोळ्यांवर येतं, म्हणून थोरलीनं तिला खाली बोलावलं, पण बसवलं मात्र काउंटरवर. पावत्या फाड, फोन घे, गाठोड्यांवर चिठ्ठ्या लाव. कपड्याला हात लावू नकोस असं ती तोंडानं कधी बोलली नाही, पण धाकटी ओल्या चादरीकडे वळली की थोरली मध्ये येऊन उभी राहायची. पुस्तकं वाचून हात मऊ झालेत हिचे, असं तिचं मत होतं, आणि थोरलीचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या वर्षी नळाचं पाणी कमी झालं. आधी दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, आणि तेही करंगळीएवढ्या धारेनं. पण लाँड्री अडली नाही, कारण मागच्या अंगणात बोअर होती. आजवर ती गरम पाण्याच्या टाकीपुरती आणि अडीनडीला वापरत. आता सगळी भिस्त तिच्यावर आली.

या बोअरबद्दल सांगायला हवं. थोरल्यानं ती खणायला घेतली तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. शेजारच्यांनी दोन ठिकाणी खणून धूळ काढली होती. थोरला म्हणाला, माझ्या जागेत पाणी आहे. खणणारे दोनदा थांबले, दोनदा त्यानं त्यांना हातापाया पडून पुढं खणायला लावलं. शेवटी पाणी लागलं ते असं की खणणारे भिजून पळाले आणि थोरला चिखलात उभा राहून लहान पोरासारखा नाचला. पुढं एका टंचाईत सगळी गल्ली त्याच पाण्यावर जगली. थोरलीसाठी ती बोअर म्हणजे नवऱ्यानं मागं ठेवलेला शब्द होता.

आणि त्याच वर्षी चादरी बिघडायला लागल्या.

एका सकाळी प्रसूतिगृहाचं गाठोडं जसंच्या तसं परत आलं. तिथली मेट्रन जिभेनं फटकळ पण न्यायानं वागणारी बाई होती. तिनं दिराबरोबर निरोप पाठवला होता की चादरी करड्या दिसतात आणि बाळांची दुपटी पुठ्ठ्यासारखी ताठ झाली आहेत, एका बाळाच्या गालावर तर ओरखडा उठला. दिरानं निरोप सांगताना मेट्रनचा आवाज बराच मवाळ केला, तरी थोरलीचा चेहरा पडायचा तो पडलाच.

मग ती पेटून उठली. साबण वाढवला. नीळ वाढवली. पाणी आणखी गरम केलं, आणखी वेळ भिजवलं. पण जितका साबण जास्त, तितकी चादर करडी. फेस तर होईचना. पाण्यावर दह्यासारख्या गुठळ्या तरंगायच्या आणि त्या कपड्यात जाऊन बसायच्या. थोरलीच्या हातांना चिरा पडल्या. रात्री झोपताना ती हाताला तेल चोळायची आणि मनाशी म्हणायची, हात गेला आपला. वय झालं.

धाकटी काउंटरवरून हे सगळं बघत होती. चार दिवस तिनं कळ काढली. पाचव्या दिवशी दुपारी ती दोन बाटल्या घेऊन आत आली. एकीत बोअरचं पाणी होतं, दुसरीत बॅटरीत घालतात ते दुकानातलं शुद्ध पाणी. दोन्हींत तिनं नखाएवढा साबण टाकला, बुचं लावली आणि थोरलीसमोर हलवून दाखवल्या. शुद्ध पाण्याची बाटली फेसानं गच्च भरली. बोअरचं पाणी गढूळ झालं, वर साय आल्यासारखी झाली आणि फेस नावाला नाही.

"ताई, तुमचा हात नाही बिघडलेला," ती म्हणाली. "पाणी जड आहे. शाळेत दुष्फेन पाणी म्हणून शिकवायचे ना, तेच हे."

तिला वाटलं होतं, थोरलीच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. झालं भलतंच. थोरलीनं ती गढूळ बाटली उचलली, मोरीत ओतली आणि विसळून पालथी ठेवली.

"हे पाणी ह्यांनी काढलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "या घरात त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत."

त्यानंतर दोघींत कामापुरतं बोलणं उरलं. धाकटी पावत्या फाडत राहिली, थोरली चादरी घासत राहिली. दिरानं दोन्हीकडे डोकावून पाहिलं, आणि ज्या घरात दोन बायका गप्प आहेत तिथे पुरुषानं बोलू नये हे शहाणपण त्याला उशिरा का होईना आलेलं असल्यानं तो गाडी धुवायला निघून गेला.

दगडानं हा तिढा सोडवला. झालं असं, की गरम पाण्याचा नळ धार सोडायचा तो थेंबांवर आला. प्लंबरला बोलावलं. त्यानं टाकीपासून यंत्राकडे जाणारा पाइप करवतीनं कापला, आत पाहिलं आणि थोरलीला हाक मारली. मनगटाएवढ्या पाइपमध्ये पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं. बाकी सगळा दगड. एकावर एक थर, झाडाच्या खोडात असतात तसे. प्लंबरनं हातोडीनं ठोकून त्यातला एक तुकडा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तो जड होता, पांढराफेक होता. थोरलीला त्या पांढऱ्याची ओळख पटेना, इतके पांढरे ओळखत असूनही.

प्लंबर म्हणाला, बोअरवर चालणाऱ्या बहुतेक टाक्यांचं हेच होतं. त्यात त्याला विशेष काही वाटत नव्हतं.

थोरली तो तुकडा घेऊन कपडे वाळवायच्या खोलीत जाऊन बसली. हा दगड पाण्यातून येतो. म्हणजे तो चादरीतही जातो, दुपट्यातही जातो. बाळाच्या गालावर ओरखडा उठला तो साबणानं नाही, हातानं नाही, ह्यानं. नवऱ्याच्या पाण्यानं. हे मनाशी म्हणताना तिला लाज वाटली, जणू आपण त्याच्या पाठीमागे त्याची चहाडी करतोय. पण हातातली वस्तू खोटं बोलत नव्हती.

संध्याकाळी ती स्वतःहून धाकटीच्या बिऱ्हाडात गेली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण असं आपणहून जाऊन बसणं पहिल्यांदाच. तिनं तुकडा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ह्यांचं पाणी वाईट का गं?"

धाकटीनं तुकडा हातात घेतला, नखानं खरवडून पाहिला.

"पाणी वाईट नसतं, ताई," ती म्हणाली. "पाणी भोळं असतं. वाटेत भेटेल त्याला पोटात घेतं. खाली चुन्याचा दगड आहे, तो विरघळून बरोबर आला, डोळ्यांना दिसला नाही इतकंच. दादांनी पाणी शोधलं, तेच अवघड होतं. त्यातला दगड वेगळा करायचं काम राहिलंय. ते मला येतं."

शेवटचे दोन शब्द तिनं इतक्या साधेपणानं उच्चारले की थोरलीनं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. मला येतं. हे वाक्य कसं म्हणायचं ते थोरलीला माहीत होतं; ती स्वतः चादरींबद्दल असंच म्हणायची.

मग धाकटीनं सगळं उलगडून सांगितलं. रंगाच्या कारखान्यात जड पाण्यानं रंग फाटायचा, म्हणून तिथे एक उंच निळी टाकी होती आणि ती टाकी इतकी वर्षं तिच्याच हाती होती. टाकीत मोहरीएवढे मधाच्या रंगाचे मणी असतात, त्यांना रेझिन म्हणतात. प्रत्येक मणी आपल्या अंगाखांद्यावर सोडियम घेऊन बसलेला असतो. जड पाणी त्यांच्यातून गेलं की पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे हा दगड ज्यानं होतो ते, मण्यांना जाऊन चिकटतं आणि त्या बदल्यात मणी आपलं सोडियम पाण्यात सोडून देतात. चोख अदलाबदल. सोडियमचा दगड होत नाही, ते साबणाच्या वाटेला जात नाही. काही दिवसांनी मण्यांजवळचं सोडियम संपतं. तेव्हा टाकीत मिठाचं दाट पाणी सोडायचं. मीठ म्हणजे सोडियमची फौजच. ती एवढ्या संख्येनं चालून आली की कॅल्शियमला जागा सोडावी लागते, ते मोरीतून वाहून जातं आणि मणी पुन्हा ताजेतवाने.

"म्हणजे मीठ खाऊन काम करणारी टाकी," थोरली म्हणाली.

"हो. आणि खाल्ल्या मिठाला जागते."

कारखान्याच्या आवारात ती टाकी अजून गंजत पडली होती. तिथल्या जुन्या राखणदारानं धाकटीला ओळखलं, भंगाराच्या भावात टाकी देवविली, वर गाडीत चढवायला हातही लावला. धाकटीनं ती आतून घासली, नवीन मणी मागवले, प्लंबरकडून जोडणी करून घेतली. हे करताना ती काउंटरवरची बाई वाटतच नव्हती. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा हे ती प्लंबरला सांगत होती आणि तो ऐकत होता. थोरली दारात उभी राहून बघत होती. घरात आणलेल्या भांड्याला इतकी वर्षं आपण नुसतं फडताळात ठेवलं, असं काहीसं तिच्या मनात येऊन गेलं.

दिरानं टाकीचं बारसं केलं. कोपऱ्यात ऐटीत उभी राहते, वेळच्या वेळी खायला मागते आणि खायला नाही मिळालं की रुसून बसते, तेव्हा ह्यांना जावईबापूच म्हणायला हवं, असं त्यानं जाहीर केलं. तेव्हापासून घरात "जावईबापूंना मीठ घातलं का?" हाच प्रश्न.

पहिल्या धुण्याच्या दिवशी मात्र फजिती झाली. थोरलीनं यंत्रात साबण घातला तो सवयीच्या मापानं, म्हणजे जड पाण्याशी झुंजताना वाढवत नेलेल्या मापानं. धाकटी काही सांगायच्या आत यंत्र फिरलं. आधी काचेमागे फेस आला, मग झाकणाच्या कडेनं आला, मग जमिनीवर उतरला आणि बघताबघता काउंटरखालून दाराकडे निघाला. दीर गाठोडं घेऊन आत येत होता. तो घोट्यापर्यंत फेसात उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "वहिनी, मेट्रनबाईंना सांगू का, ढग धुवायला घेतलेत म्हणून?"

थोरली हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग भिंतीला टेकून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिला स्वतःलाच ते हसू ओळखीचं वाटेना, इतके दिवस झाले होते. धाकटी केरसुणीनं फेस मोरीत लोटत होती आणि तीही हसत होती.

दुसऱ्या खेपेला साबण निम्म्याहून कमी घातला. चादर रोलरमधून आली. थोरलीनं ती खिडकीकडे धरली आणि बराच वेळ खाली घेतलीच नाही. मग तिचं टोक धाकटीच्या हातात दिलं. दोघींनी मिळून घडी घातली. धाकटीनं लाँड्रीत घातलेली ती पहिली घडी. कोपऱ्याला कोपरा नीट जुळला नव्हता, पण थोरलीनं ती उलगडली नाही.

थोरलीनं पाणी तपासायला शिकून घेतलं. पेल्यात पाणी घ्यायचं, धाकटीनं दिलेली चिमूटभर पूड टाकायची आणि बाटलीतलं औषध थेंबाथेंबानं सोडायचं. पाणी जड असेल तर ते लालसर राहतं आणि निळं व्हायला पुष्कळ थेंब लागतात. टाकीतून आलेलं पाणी पूड पडताच निळंशार. निळीशी आयुष्य काढलेल्या बाईला ही खूण एकदम पटली. प्रसूतिगृहाकडून तक्रार येणं थांबलं. मेट्रननं कौतुकाचा शब्द पाठवला नाही, पण गाठोडी जड होत गेली, आणि थोरलीला ती भाषा कळत होती.

पण दुधात मिठाचा खडा पडायचा होता. उन्हाळा चढला, बोअरची पातळी खोल गेली आणि एका सकाळी चादर खिडकीकडे धरल्यावर थोरलीचे डोळे बारीक झाले ते तसेच राहिले. तिनं दुसरी धरली, तिसरी धरली. मग धाकटीला बोलावलं.

"पिवळट आहे," ती म्हणाली.

धाकटीला पिवळं दिसेना. दिरालाही दिसेना. धाकटीनं पाणी तपासलं. निळंशार. टाकी आपलं काम चोख करत होती.

"तुझा पेला काय म्हणतो ते मी खोटं म्हणत नाही," थोरली म्हणाली. "पण चादर पिवळी आहे. आज मला दिसतेय, महिन्याभरानं मेट्रनला दिसेल."

धाकटीनं वाद घातला नाही. टाकीचं वरचं झाकण उघडून तिनं मूठभर मणी बाहेर काढले आणि तळहातावर पसरले. मधासारखे मणी आता विटकरी झाले होते. ती त्यांच्याकडे बघत खाली बसली. कारखान्याला शहराचं स्वच्छ पाणी यायचं, ती म्हणाली, तिथे हा प्रश्न कधी आलाच नाही. जमिनीतल्या पाण्यात लोखंड असू शकतं हे तिला माहीत होतं, पण तिनं तपासलंच नाही. पातळी खोल गेली तसं लोखंड वाढलं. ते मण्यांवर गंज होऊन बसलं, आणि मण्यांना जे धरता आलं नाही ते चादरीत उतरलं.

"माझंच चुकलं, ताई. सगळं सोंग केलं मी. काढून टाकू ही टाकी."

थोरलीला बोलायला जागा होती. गेल्या वर्षीची थोरली असती तर तिनं ती सोडलीही नसती. पण तिच्यासमोर बसलेल्या बाईचा चेहरा तिनं ओळखला. हात गेला आपला असं रात्री तेल चोळताना आपण म्हणायचो, तेव्हा आपलाही असाच दिसत असणार.

"एक चादर डागाळली म्हणून आपण लाँड्री बंद करतो का?" ती म्हणाली. "पुन्हा धुतो. ऊठ. लोखंडाचा डाग कशानं जातो ते मला विचार."

"कशानं?"

"आंबटानं. खिळ्याचे डाग मी आजवर लिंबानं काढत आले."

धाकटी उठून उभी राहिली. सायट्रिक ॲसिड, ती म्हणाली, लिंबाच्या आंबटपणाचंच सत्त्व, बाजारात पूड मिळते. त्यानं मणीही स्वच्छ होतील. हे तिनं वाचलं होतं, पण घाबरल्यावर वाचलेलं आधी पळतं.

मणी धुण्याचं काम थोरलीनं स्वतःकडे घेतलं. मण्यांचं असलं म्हणून काय झालं, धुणं ते धुणंच. जाळीदार लेसचे पडदे भिजवायचं तिचं एक पसरट पात्र होतं, त्यात तिनं मणी ओतले. औषध किती कडक हवं ते धाकटीनं ठरवलं. किती वेळ मुरू द्यायचं, कधी हलक्या हातानं हलवायचं, कधी पाणी बदलायचं ते थोरलीनं पाण्याच्या रंगावरून ठरवलं. पहिलं पाणी गेरूसारखं निघालं, दुसरं केशरी, मग फिकट पिवळं. दोघी समोरासमोर बसून हात घालून मणी ढवळत होत्या. शेवटच्या पाण्यातून मणी वर आले ते पहिल्यासारखे नाहीत, पण पुन्हा मधाच्या वाटेवर.

नुसते मणी धुऊन भागणार नव्हतं. लोखंड त्यांच्यापर्यंत पोचताच कामा नये. म्हणून धाकटीनं जावईबापूंच्या आधी आणखी एक टाकी बसवली. बोअरचं पाणी आधी उंचावरून चाळणीतून पाडायचं, म्हणजे त्याला हवा लागते आणि विरघळलेलं लोखंड जागं होऊन गंजाचे कण बनतं. मग ते काळसर दाण्यांच्या थरातून सोडायचं. इथे देवघेव नाही, तिनं थोरलीला समजावलं, इथे नुसतं चिकटणं आहे. दाण्याचं अंग खरबरीत असतं, त्याला लोखंड बिलगून बसतं आणि पाणी मोकळं पुढे जातं. दाण्यांचं अंग भरलं की खालून वर जोरात पाणी सोडायचं, सगळा गंज मोरीत. दिरानं या टाकीला "सासूबाई" म्हटलं, कारण जावईबापूंपर्यंत काही वाईटसाईट पोचू नये म्हणून ती सगळं स्वतःच्या अंगावर घेते. या नावावर धाकटीनं आक्षेप घेतला, पण ते चिकटलं.

पिवळट चादरी त्याच आंबट पाण्यातून काढून थोरलीनं पुन्हा धुतल्या. एकही गाठोडं तिनं मनाला पटल्याशिवाय पाठवलं नाही. दोन दिवस उशीर झाला, तेव्हा मेट्रनला तिनं स्वतः फोन करून सांगितलं की आमच्या पाण्यात लोखंड निघालंय, ते काढल्यावरच चादरी येतील. मेट्रन म्हणाली, बरं.

त्या फोननंतर पंधरवड्यानं मेट्रन न कळवता लाँड्रीत येऊन उभी राहिली. उंच, काटक बाई, हातात पिशवी. प्रसूतिगृहात दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचा एक वेगळा कक्ष होता. त्या बाळांची कातडी सालीसारखी पातळ असते, म्हणून त्यांचे कपडे बाहेर कुठेच धुवायला देत नसत, तिथेच आया हातानं धुवायच्या. आता अशा बाळांची संख्या वाढली होती आणि आया पुरत नव्हत्या. कपडे बाहेर द्यायचे का, आणि कुणाला, हे मेट्रनला ठरवायचं होतं. ती तीन लाँड्र्या बघून आली होती. ही चौथी.

तिनं सगळं पाहिलं. यंत्रं, रोलर, घड्या, मोरीचे कोपरे. बोट फिरवून धूळ पाहिली. मग मागं जाऊन दोन टाक्यांसमोर उभी राहिली आणि थोरलीला म्हणाली, "फोनवर तुम्ही लोखंड म्हणालात. मला दुसऱ्या कुणी कधी पाण्याबद्दल सांगितलं नाही. सगळे साबणाबद्दल सांगतात. हे कोण बघतं?"

धाकटी काउंटरमागे होती. ती सवयीनं तिथेच उभी राहिली, हातात पावतीपुस्तक. थोरली गेली, तिनं ते पुस्तक तिच्या हातातून काढून दिराकडे दिलं आणि तिला दंडाला धरून मागं घेऊन आली.

"ही माझी जाऊ," ती म्हणाली. "पाण्याचं सगळं हिचं. आम्हाला पंचवीस वर्षं दिसलं नाही ते हिला दोन बाटल्यांत दिसलं. काय विचारायचं ते हिला विचारा."

धाकटी बोलायला लागली आणि मग थांबेना. तिनं मणी दाखवले, काळे दाणे दाखवले, पेल्यात पूड टाकून पाणी निळं करून दाखवलं. मेट्रननं टोकदार प्रश्न विचारले. मीठ संपलं तर? वीज गेली तर? मण्यांवरचं मीठ कपड्यात राहतं का? धाकटीनं प्रत्येकाचं उत्तर दिलं, आणि जिथे खात्री नव्हती तिथे नाही माहीत, तपासून सांगते, असं म्हणाली. एका ठिकाणी अडली तेव्हा थोरलीनं सहज जोड दिली, की मिठाच्या पाण्यानंतर आम्ही टाकी तीनदा खळाळतो, लोकरीचे कपडे खळाळतो तशी. मेट्रननं एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. शेवटी पिशवीतून तिनं एक छोटंसं गाठोडं काढून टेबलावर ठेवलं. ते ती येतानाच घेऊन आली होती. तळहाताएवढ्या टोप्या, मोजे आणि दुपटी.

"हे आधी करून दाखवा," ती म्हणाली.

ते गाठोडं थोरलीनं धुतलं आणि धाकटीनं पाणी सांभाळलं. पोचवायला मात्र दिराला पाठवलं नाही. दोघी चालत गेल्या. थोरलीनं ठेवणीतली साडी नेसली होती, आणि धाकटीला केस नीट बांध म्हणून दोनदा सांगितलं. कक्षाच्या दाराशी एक तरुण परिचारिका आली. तिनं वरचं दुपटं उचललं, बोटांत चुरगाळलं, गालाला लावलं आणि तसंच लावून ठेवलं. काचेपलीकडे एवढीएवढीशी बाळं झोपली होती. मुठी मिटलेल्या, पोटं वरखाली होणारी. थोरलीला आपल्या नवऱ्याची आठवण आली, पण डोळे भरले नाहीत. त्याचं पाणी इथवर आलं होतं. आणि ते इथवर आणणारी बाई शेजारी उभी होती, काचेला नाक लावून.

"कुठल्या लाँड्रीचं हे?" परिचारिकेनं विचारलं.

"आमचं," थोरली म्हणाली, आणि ऐकणाऱ्याचा घोटाळा नको म्हणून पुढं म्हणाली, "आम्हा दोघी जावांचं."

परत येताना गल्लीच्या तोंडाशी थोरली थांबली आणि म्हणाली की उद्यापासून काउंटरवर कुणीतरी दुसरं माणूस बघायला हवं. भावजी बसतील का? धाकटी म्हणाली, ते बसले तर गिऱ्हाईक गप्पा मारायला येईल आणि कपडे घरीच विसरून येईल. थोरलीला ते पटलं. तरीही बसवू, ती म्हणाली, आणि दोघी आत शिरल्या. रोलर तापत ठेवलेला होता.